साहित्य अकादमीकडून काम कसं करून घ्यावं: अनुवादक, मराठी विभाग आणि ग्रंथालयांसाठी

साहित्य अकादमी २४ भाषांत काम करते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. मराठी त्यातली एक. एखाद्या मराठी संतकवीवरची पुस्तिका ओडियात किंवा मणिपुरीत जावी, तेलुगू कादंबरी मराठीत यावी, तालुक्याच्या महाविद्यालयात परभाषेतला कवी येऊन मुलांशी बोलावा, यासाठी देशाच्या तिजोरीतून दरवर्षी पैसा येतो. आणि आपल्याकडे अकादमीची आठवण निघते ती पुरस्कार जाहीर झाले की. 'यंदा मराठीत कोणाला?' दोन दिवस चर्चा, की विषय संपला. पुरस्कार हा अकादमीच्या कामातला सर्वांत जास्त दिसणारा भाग आहे, पण मानव्यविद्यांना खरं बळ मिळतं ते बाकीच्या कामातून. ते काम आपल्या गावापर्यंत आणायचं असेल तर मागावं लागतं, आणि मागण्याची एक रीत आहे.

निर्णय कुठे होतो

भारत सरकारने डिसेंबर १९५२ मध्ये ठराव केला, १२ मार्च १९५४ रोजी अकादमीचं उद्‌घाटन झालं आणि ७ जानेवारी १९५६ रोजी ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली. हा तपशील कामाचा आहे. पैसा संस्कृती मंत्रालयाकडून येत असला तरी अकादमी हे सरकारी खातं नाही, स्वायत्त संस्था आहे. पहिले अध्यक्ष पंडित नेहरू होते हे खरं, पण अध्यक्ष निवडते ती सर्वसाधारण परिषद. त्यामुळे खासदारांचं शिफारसपत्र जोडून मंत्रालयाकडे अर्ज करणं ही चुकीची वाट आहे. तो अर्ज फिरत फिरत शेवटी अकादमीकडेच येतो, आणि तोवर दोन-चार महिने गेलेले असतात.

पुस्तकं आणि कार्यक्रम यांची शिफारस करतं ते भाषा सल्लागार मंडळ. प्रत्येक भाषेचं १० जणांचं मंडळ असतं. त्याचा निमंत्रक त्या भाषेच्या वतीने कार्यकारी मंडळावर बसतो. कोणाचं पुस्तक अनुवादाला घ्यायचं, कोणावर मोनोग्राफ (एका लेखकाची ओळख करून देणारी पुस्तिका) लिहून घ्यायचा, चर्चासत्र कुठे भरवायचं, या गोष्टी आधी इथे बोलल्या जातात. मंडळाची मुदत पाच वर्षं. सध्याची २०२३ ते २०२७. मोनोग्राफ किंवा मोठा अनुवाद असा लांबणारा प्रस्ताव मुदतीच्या शेवटच्या वर्षात दिलात, तर नवं मंडळ आल्यावर तो पुन्हा समजावून सांगायची तयारी ठेवा.

रोजचा व्यवहार मात्र प्रादेशिक कार्यालयाशी. मराठी, गुजराती, कोकणी आणि सिंधी या चार भाषांचं काम मुंबई कार्यालयातून चालतं: १७२, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्ग, दादर (पूर्व), मुंबई ४०००१४. पत्र प्रादेशिक सचिवांच्या नावे लिहा, एक प्रत मराठीच्या निमंत्रकांना द्या. निमंत्रक आणि मंडळाच्या सदस्यांची नावं अकादमीच्या संकेतस्थळावर असतात. ती तिथूनच घ्या, जुन्या निमंत्रणपत्रिकेवरून घेऊ नका. मुदत संपलेल्या सदस्याला पाठवलेला प्रस्ताव तिथेच पडून राहतो, आणि तो पोचला की नाही हेही कळत नाही.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी संस्थांनीही मराठीपुरता व्यवहार मुंबईशीच करावा. कार्यालयांची विभागणी भाषेनुसार आहे.

मागण्याआधी एक संध्याकाळ वार्षिक अहवालाला द्या

अकादमीचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर मिळतो. त्यात वर्षभराच्या कार्यक्रमांची आणि प्रकाशनांची भाषावार नोंद असते. मागच्या तीन वर्षांचे अहवाल उघडा आणि मराठीपुरत्या तीन याद्या करा: कार्यक्रम कोणत्या गावी झाले, विषय काय होते, मराठीत कोणत्या भाषांतून पुस्तकं आली. या याद्या समोर आल्या की प्रस्ताव अर्धा लिहून झाला असं समजा. तुमच्या जिल्ह्यात काहीच झालं नसेल तर तेच तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य. तुमचा विषय दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे होऊन गेला असेल तर तो आत्ताच बदला.

कार्यक्रमांचे प्रकारही तिथेच कळतात. एका कवीचं वाचन आणि श्रोत्यांशी गप्पा म्हणजे 'कविसंधी'. कथाकारासाठी तसंच 'कथासंधी'. लेखिकांसाठी 'अस्मिता', खेड्यांत होणारा 'ग्रामालोक'. परिसंवाद सहसा एका दिवसाचा, चर्चासत्र दोन दिवसांचं. पहिल्यांदा अकादमीला बोलावणाऱ्या संस्थेने थेट दोन दिवसांचं चर्चासत्र मागू नये. एक कविसंधी किंवा ग्रामालोक नीट करून दाखवा. श्रोते आले, वेळ पाळली, छायाचित्रं आणि अहवाल आठवड्यात पोचले, की पुढचं पत्र वेगळ्या नजरेने वाचलं जातं.

चर्चासत्राचा प्रस्ताव

दोन पानांचा पुरे. त्यात इतकं हवं: विषय आणि तो आत्ता का, सत्रांची आखणी, सुचवलेले वक्ते (प्रत्येक जागेसाठी दोन नावं), तारखांचे दोन पर्याय, सभागृहाची आसनसंख्या, श्रोते कोण आणि किती, संस्था कोणता खर्च उचलेल, संपर्कासाठी एकच व्यक्ती आणि तिचा फोन. प्राचार्यांची सही आणि शिक्का. नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, पन्नास पानांची फाइल जोडायची काही गरज नाही.

विषय हाच बहुतेक प्रस्तावांचा कच्चा दुवा असतो. 'मराठी साहित्यातील ग्रामीण जीवन' या विषयावर महाराष्ट्रात कुठेही, केव्हाही, कोणीही बोलू शकतं. म्हणूनच त्यासाठी राष्ट्रीय अकादमीने तुमच्या गावी यावं असं त्यात काही नाही. उलट 'सोलापूर परिसरातील कन्नड आणि मराठी लोकगीतांची देवघेव' हा विषय दोन भाषांच्या मंडळांना जोडतो, त्याचे जाणकार त्याच परिसरात सापडतात आणि त्याला सोलापूरच हवं असतं. नांदेड-किनवट-चंद्रपूरकडे तेलुगू, नंदुरबार-धुळ्याकडे गुजराती आणि भिल्ली बोली, सिंधुदुर्गाकडे कोकणी. अकादमी सगळ्या भाषांची आहे. विषयात दुसरी भाषा असली की तुम्ही तिच्या मुख्य कामाशी जोडले जाता.

आखणी करताना गणित कागदावर मांडा. एका सत्रात तीन निबंध, प्रत्येकी २० मिनिटं, आणि ३० मिनिटं चर्चा: दीड तास. दिवसाला अशी तीन सत्रं झेपतात. उद्‌घाटनात एक सत्र जातं, समारोपात अर्धं. म्हणजे दोन दिवसांत खरी सत्रं साडेचार, निबंध १३-१४. बहुतेक ठिकाणी एका सत्रात पाच-सहा नावं कोंबली जातात, उद्‌घाटन अडीच तास चालतं आणि पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजताच आखणी कोसळते. मरते ती चर्चा, आणि चर्चासत्र तर तिच्यासाठीच भरवलेलं असतं. उद्‌घाटनाला ७५ मिनिटांची मर्यादा घाला, सत्कार एकच, आणि अध्यक्षांच्या समोर घड्याळ ठेवा.

तारखा ठरवताना दोन पंचांग बघावे लागतात: विद्यापीठाचं आणि आर्थिक वर्षाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे परीक्षांत जातात. मार्चमध्ये हिशेब बंद करायची घाई असल्याने बिलं अडकतात. राहतात जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. पुढच्या आर्थिक वर्षातला कार्यक्रम हवा असेल तर प्रस्ताव आदल्या ऑक्टोबरपर्यंत पोचवा.

खर्चाची वाटणी साधारण अशी असते: निमंत्रित वक्त्यांचं मानधन आणि प्रवास अकादमी तिच्या नियमांप्रमाणे बघते, सभागृह, ध्वनिव्यवस्था, चहा-जेवण, स्थानिक वाहन संस्थेकडे. राहण्याचा खर्च कोणाचा, हा प्रश्न हटकून राहून जातो आणि आदल्या रात्री फोनाफोनी होते. वाटणी लेखी मंजुरी आल्यावरच पक्की धरा, आणि मंजुरीच्या पत्रात जे लिहिलेलं नाही ते मिळेल असं वक्त्यांना सांगू नका. वक्त्यांना मूळ तिकिटं, बोर्डिंग पास आणि बँकेचा तपशील आणायला आधीच कळवा. मानधन उशिरा मिळाल्याच्या तक्रारींत पुष्कळदा बँकेचा आयएफएससी कोड चुकलेला असतो.

निबंध युनिकोडमध्येच मागवा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेताना 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' यांतला ऱ्य हमखास बिघडतो, 'ॲ' आणि 'ऑ' गळतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. अशा १४ निबंधांचं पुस्तक करायचं म्हटलं की तपासायलाच दोन महिने लागतात, आणि पुस्तक राहून जातं. निबंधासोबत आलेल्या तळटीपा एका पद्धतीच्या करून घ्यायचं काम चर्चासत्राआधीच एका प्राध्यापकावर सोपवा.

अनुवाद: इथे माणसं कमी पडतात

आमच्या मते अकादमीच्या सगळ्या कामांत मोलाचं काम हे. पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाला इतर भाषांत न्यायचं धोरण अकादमीने ठेवलं, पण धोरण कागदावर पुरेसं असलं तरी मल्याळममधून, आसामीतून, काश्मिरीतून थेट मराठीत आणणारी माणसं मोजकी आहेत. मग पुस्तक हिंदीवरून किंवा इंग्रजीवरून येतं. वाचकाला पहिल्या दहा पानांत ते जाणवतं. दाक्षिणात्य नावांच्या रोमन लेखनात 'त' साठी 'टीएच' लिहायची पद्धत आहे. ती माहीत नसलेला अनुवादक 'मूर्ती'चा 'मूर्थी' करतो आणि तो तसाच छापला जातो. नात्याची हाक, जेवणातला पदार्थ, अंगणातलं झाड आधी इंग्रजीत सपाट होतं आणि मराठीत येताना आणखी सपाट. साने गुरुजींनी आंतरभारतीचा ध्यास घेतला तो भारतीय भाषा एकमेकींशी थेट बोलाव्यात म्हणून.

तुम्ही सीमाभागात राहत असाल, घरात दोन भाषा असतील, नोकरीनिमित्त पंधरा वर्षं कोलकात्यात किंवा चेन्नईत काढली असतील, तर तुमच्याजवळ जे आहे ते शिकून सहजी मिळत नाही. त्याचं काय करायचं ते क्रमाने सांगतो.

पुस्तक आधीच आलेलं नाही ना, हे बघा. अकादमीची मराठी सूची, नॅशनल बुक ट्रस्टच्या 'आदान-प्रदान' मालेतली मराठी पुस्तकं, आणि मोठ्या ग्रंथालयाचा तालिकासंग्रह (कॅटलॉग), तिन्ही तपासा. मराठी नाव वेगळं असू शकतं, म्हणून शोध मूळ लेखकाच्या नावाने घ्या.

मग हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या मूळ बंगाली लेखनावरचा हक्क २००१ अखेर संपला. पण रवींद्रनाथांच्या पुस्तकाचा जुना मराठी अनुवाद पुन्हा छापायचा असेल, तर त्या अनुवादकाच्या मृत्यूपासून ६० वर्षं वेगळी मोजावी लागतात. इथे अनेक जण फसतात. लेखक हयात असेल किंवा वारस असतील तर अनुवादाची परवानगी लेखी हवी, आणि तिच्यात भाषा, पुस्तकाचं नाव आणि मुदत स्पष्ट हवी. हक्क प्रकाशकाकडे आहेत की लेखकाकडे, हे लेखकालाही पुष्कळदा आठवत नाही. त्यांचा मूळ करार काढून बघायला सांगा. अकादमी स्वतः पुस्तक अनुवादाला देते तेव्हा परवानगी ती घेते. तुम्ही स्वतःहून पुस्तक सुचवताना मात्र हक्क कोणाकडे आहेत ते पत्रात लिहिलंत तर तुमच्या प्रस्तावाचं वजन वाढतं.

नमुना दहा-बारा पानांचा द्या, पण सलग पहिली पानं देऊ नका. तीन तुकडे निवडा: एक निवेदनाचा, एक संवादाचा, आणि एक असा की जिथे बोली, ओवी, शिवी किंवा देवाधर्माचा तपशील आहे. अनुवादकाचा कस तिसऱ्या तुकड्यात लागतो आणि तपासणारा आधी तोच वाचतो. मूळ पानांची छायाप्रत जोडा. खाली पाच ओळींची टीप: बोलीसाठी मराठीतली कोणती बोली घेतली किंवा प्रमाण मराठीच का ठेवली, मूळ शब्द कुठे राखले, तळटीपा द्यायच्या की शेवटी शब्दसूची. कानडी मुलखातल्या शेतकऱ्याला अस्सल वऱ्हाडी बोलायला लावलं की वाचकाला अमरावती दिसू लागते. एवढ्यासाठी आमचा सल्ला असा की एखाद्या जिल्ह्याचा ठसा नसलेली, बोलण्याच्या लयीची मराठी घ्यावी आणि परकेपण पदार्थ, नाती आणि शपथा यांत राहू द्यावं.

मुदत मागताना उत्साहात सहा महिने लिहू नका. २४० पानांची कादंबरी, पानाला ३०० शब्द धरले तर ७२,००० शब्द. नोकरी सांभाळून दिवसाला ६०० शब्द, आठवड्याला पाच दिवस: २४ आठवडे. नंतर मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची, दिवसाला १२ पानं, २० दिवस. त्यानंतर आठवडाभर हस्तलिखित बाजूला ठेवायचं, आणि मग मूळ न बघता नुसतं मराठी म्हणून मोठ्याने वाचायचं. त्याला १० दिवस. हे सगळं सात महिन्यांच्या पुढे जातं. दुखणं-खुपणं, लग्नकार्य धरून दहा महिने मागा. मुदतवाढ मिळतेही, पण वेळेत दिलेल्या अनुवादकाकडे पुढचं पुस्तक लवकर येतं.

ताडून बघण्याची पायरी गाळणाऱ्यांच्या हातून दोन चुका ठरलेल्या: एक सबंध परिच्छेद राहून जातो (बहुधा जिथे लागोपाठचे दोन परिच्छेद एकाच शब्दाने सुरू होतात), आणि पात्राचं नाव पान ४० वर एक, पान १८० वर दुसरं. नावांची, स्थळांची, नात्यांची यादी पहिल्या दिवसापासून वेगळ्या कागदावर ठेवली तर दुसरी चूक होत नाही.

करार सही करण्यापूर्वी पाच गोष्टी वाचा: अनुवादावर कॉपीराइट कोणाचा, मानधन किती आणि कोणत्या टप्प्यावर, तज्ज्ञाने सुचवलेल्या दुरुस्त्या किती दिवसांत, अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर का आतल्या पानावर, आणि लेखकप्रती, म्हणजे अनुवादकाला मिळणाऱ्या प्रती, किती. हस्तलिखित दुसऱ्या जाणकाराकडे तपासायला जातं. त्याने लाल शाईने भरलेली पानं परत आली तर राग धरू नका आणि मुकाट सगळं मान्यही करू नका. प्रत्येक सूचनेपुढे 'घेतली' किंवा 'घेतली नाही, कारण' असं लिहून परत पाठवा.

मोनोग्राफही इथेच सांगून टाकू. 'भारतीय साहित्याचे निर्माते' ही अकादमीची माला मुख्यतः दिवंगत लेखकांवरची, तिच्यातली प्रत्येक पुस्तिका सुमारे शंभर पानांची असते. तुम्हाला एखाद्या लेखकावर ती लिहावीशी वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा की तिचा वाचक बोडो किंवा पंजाबीभाषक असू शकतो. 'सत्यशोधक चळवळ', 'लघुनिबंध', 'वारी' हे त्याला माहीत नाही. मराठी समीक्षेत रुळलेल्या वादांचे उल्लेख नुसत्या नावाने केलेला मोनोग्राफ दुसऱ्या भाषेत जाऊच शकत नाही, आणि मग त्याचा हेतूच उरत नाही.

पुरस्कार: निदान तांत्रिक कारणाने बाद होऊ नका

मुख्य पुरस्कार १ लाख रुपये आणि ताम्रफलक. अनुवाद, बालसाहित्य आणि युवा पुरस्कार प्रत्येकी ५०,००० रुपये. अनुवाद पुरस्कार १९८९ पासून, बालसाहित्य २०१० पासून, युवा २०११ पासून. युवा पुरस्कारासाठी पुरस्कारवर्षाच्या १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याखाली हवं. जाहिरात देऊन पुस्तकं मागवली जातात, तेव्हा जाहिरातीतल्या प्रतींची संख्या, वयाचा पुरावा आणि शेवटची तारीख अक्षरशः पाळा.

मुख्य पुरस्काराची कालमर्यादा बहुतेकांना उलगडत नाही. पुरस्कारवर्षाच्या लगतचं आधीचं वर्ष सोडायचं, आणि त्याच्या मागची पाच वर्षं धरायची. २०२४ च्या पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२ मधली पुस्तकं. २०२६ साठी याच हिशेबाने १ जानेवारी २०२० ते ३१ डिसेंबर २०२४. २०२५ च्या डिसेंबरात आलेलं पुस्तक २०२७ च्या आधी विचारात येत नाही.

म्हणून पहिल्या आवृत्तीची तारीख जपा. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी १९७३ चा पुरस्कार परत केला, त्यामागे पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून उठलेला वाद होता. आजही डिसेंबरची तारीख घालून पुस्तक छापायचं आणि फेब्रुवारीत संमेलनात प्रकाशन करायचं, असं सर्रास होतं. प्रकाशकाकडून श्रेयपानावरची तारीख, आयएसबीएनची (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाची) नोंद आणि छपाईचं बिल यांत मेळ आहे ना, ते बघून घ्या. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे घेणाऱ्या दलालाची गरज नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकाला बंधनकारक आहे. छोटे प्रकाशक हे टाळतात आणि मग त्यांचं पुस्तक राष्ट्रीय ग्रंथसूचीत येत नाही. पन्नास वर्षांनी त्या विषयावर काम करणाऱ्याला ते पुस्तक होतं हेही कळणार नाही.

इतिहास, भाषाविज्ञान, लोकसंस्कृती लिहिणाऱ्यांनी 'हा पुरस्कार कवी-कादंबरीकारांचा' असं समजून मागे राहू नये. मराठीतला पहिलाच पुरस्कार, १९५५ चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना वैदिक संस्कृतीवरच्या ग्रंथासाठी मिळाला. १९६६ मध्ये त्र्यं. शं. शेजवलकरांच्या इतिहासलेखनाला, १९६७ मध्ये ना. गो. कालेलकरांच्या भाषाविज्ञानाला, १९६८ मध्ये इरावती कर्व्यांच्या महाभारतचिंतनाला, १९७५ मध्ये रा. भा. पाटणकरांच्या सौंदर्यशास्त्राला, १९८७ मध्ये रा. चिं. ढेऱ्यांच्या विठ्ठलसंशोधनाला. एवढी मोठी परंपरा असताना आज विद्यापीठांतली चांगली संशोधनं प्रबंधाच्या बांधणीतच पडून राहतात याचं वाईट वाटतं. प्रबंध पुस्तक म्हणून छापायचा असेल तर पूर्वसंशोधनाचा आढावा वीस पानांवर आणा, उद्दिष्टं-गृहीतकं काढून टाका, आणि पहिलं प्रकरण विषयापासून सुरू करा.

छोट्या ग्रंथालयाने काय करावं

'क' आणि 'ड' या लहान वर्गांतल्या ग्रंथालयांकडे ग्रंथखरेदीला पैसे थोडे. अकादमीची पुस्तकं त्यांना परवडतात, कारण किमती खाजगी प्रकाशकांच्या मानाने कमी असतात आणि मोनोग्राफ तर फारच स्वस्त. दादरच्या कार्यालयात विक्री होते. जाताना ग्रंथालयाच्या लेटरहेडवर मागणीपत्र न्या, संस्थांसाठीची सवलत विचारा, आणि सूची हातात घेऊन निवड करा. कपाटात समोर दिसेल ते उचललं की तीच ती पुस्तकं येतात. पहिल्या खरेदीत सहा मोनोग्राफ, चार अनुवादित कादंबऱ्या वेगवेगळ्या चार भाषांतल्या, एक परभाषी कथासंग्रह आणि एक वाङ्मयेतिहास, एवढं पुरे. सूचीत असलेलं पुस्तक पुष्कळदा संपलेलं असतं. तसं झालं तर पुनर्मुद्रणाची मागणी लेखी द्या; दहा ग्रंथालयांनी एकाच पुस्तकाची मागणी केली तर ती मंडळापुढे ठेवायला कार्यालयाला आधार मिळतो.

ही पुस्तकं 'अनुवादित' अशी चिठ्ठी लावून एका कोपऱ्यातल्या कपाटात कोंडू नका. कादंबरी कादंबऱ्यांत, चरित्र चरित्रांत लावा. वेगळ्या कपाटातली पुस्तकं फारशी बाहेर जात नाहीत.

उत्तर आलं नाही तर

प्रस्ताव पाठवल्यावर आवक क्रमांक विचारून घ्या. दीड महिन्याने त्या क्रमांकासह स्मरणपत्र, त्यानंतर फोन. फोनवर मिळालेलं उत्तर त्याच दिवशी ईमेलने 'आपल्या बोलण्याप्रमाणे' असं लिहून पाठवा. मंडळाच्या बैठका वर्षभर चालू नसतात, त्यामुळे तीन-चार महिन्यांचं मौन म्हणजे नकार समजू नका. पुढची बैठक कधी आणि आपला विषय तिच्यापुढे आहे का, एवढंच विचारा.

तरीही काही कळत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ अकादमीला लागू आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न 'आमचा प्रस्ताव का नाकारला?' असा विचारू नका, कारण या कायद्याखाली कागद मिळतात, स्पष्टीकरणं नाहीत. 'अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावरील टिपणाची प्रत' आणि 'अमुक काळातील मराठी सल्लागार मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित उतारा' असं मागा. त्यात बहुतेक वेळा साधं कारण निघतं: विषय पूर्वी झालेला, तारखा गैरसोयीच्या, किंवा वक्त्यांची यादी एकाच महाविद्यालयातली. तेवढं दुरुस्त करा आणि नव्या तारखांसह प्रस्ताव पुढच्या बैठकीच्या आधी पुन्हा पाठवा.